पुण्याच्या हिशेबात न बसणारी सत्कृत्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळनिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ख्रिस्ती रुग्णालये आणि शाळा यांच्याविषयी आपुलकीने लिहिले आहे, त्याबद्दल आभार. मात्र सेवेने पुण्य गाठीशी बांधावे अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे, असे जे त्यात म्हटले आहे, ते बरोबर नाही. पुण्याचा साठा करणे आणि त्याच्या बळावर परलोक मिळवणे ही कल्पना आपल्या मातीत इतकी मुरलेली आहे की ख्रिस्ती माणसाची सेवाही त्याच तागडीत तोलली जाते, आणि खरे सांगायचे तर आम्ही मराठी ख्रिस्तीही कित्येकदा तसेच तोलतो.

बायबलमधील इफिसकरांस पाठवलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताचा प्रेषित पौल म्हणतो की तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नाही. आठवे आणि नववे ही वचने आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात. पण त्याला लागूनच असलेल्या दहाव्या वचनात, आपण सत्कृत्ये करण्यासाठीच निर्माण झालो आहोत, असेही तो म्हणतो. मी ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो तेथे वर्षानुवर्षे उपदेश नवव्या वचनापाशी थांबत असे आणि दहाव्याची पाळी येईपर्यंत दानार्पणाची थैली फिरू लागलेली असे.

कृपा की कर्मे या वादाने युरोपातली ख्रिस्ती मंडळी दुभंगली, हे खरे. मात्र कर्मांचा कैवार घेणाऱ्यांवर तुटून पडणाऱ्या, प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरनेच 1520 साली सत्कृत्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात ख्रिस्तावरील विश्वासालाच पहिले सत्कृत्य म्हटले, हे आमच्या प्रोटेस्टंट मंडळींच्या फारसे ध्यानात नसते. बायबलमधील याकोबाच्या पत्रावर त्याचा रोष होता, कारण कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे ते पत्र बजावते. पुढे 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे ल्यूथरच्या परंपरेतील मंडळ्यांचा लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी याच वादाविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि तोच आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, असा त्याचा आशय आहे. जवळपास पाचशे वर्षांनी दोघांनी मिळून दहावे वचन वाचले, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला केडगावपलीकडे जावे लागत नाही. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे (जोगिणींकडे) राहत असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम दाखवण्यात आला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता. इतकेच नव्हे, तर त्यांच्यापैकी काही जणी आता स्वतःच आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. असल्या स्त्रियांविषयी एवढा कळवळा कशामुळे, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा, म्हणजे तुच्छ मानल्या गेलेल्या स्त्रीशी येशू आपणहून बोलतो ती कथा, वाचून दाखवली. म्हणजे आधी कृती दिसली आणि तिच्या मागचा ख्रिस्त नंतर. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. गंमत अशी की त्यानंतर आठ वर्षांनी, विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाचे काम जोरात चालू असताना, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना जाणवले. विधवांसाठी इतके करणाऱ्या बाईलाही केलेल्या कामावर विसंबून राहता आले नाही!

आणि ख्रिस्त मिळाल्यावर त्या भजन करत बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या; स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या हालात गमावलेल्या या बाईंना उपासमार कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनात त्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या, अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले, आणि रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाई तेथील मुलींच्याच हातून झाली.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे ख्रिस्त, उजवीकडच्या नीतिमानांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. त्यावर ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेले कधी पाहिले? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. आमच्या मंडळीत हल्ली ब्लँकेटवाटपाला जाताना फलक आधी तयार होतो आणि घेणाऱ्या म्हातारीला फोटो नीट येईपर्यंत हात पुढे धरून थांबावे लागते. गेल्या थंडीत अशाच एका वाटपात तो फलक मीच धरला होता, म्हणून हे पत्र.

आपला,
एक वाचक, पुणे