घुमट मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,

स्नेहसंमेलन जवळ आले की कोळी लुगडी, बाल्यांचे पोशाख भाड्याने येतात, मोबाइलवरचे गाणे स्पीकरवर लागते आणि ‘कोकणची संस्कृती’ दहा मिनिटांत उरकते. मुले नाचतात झकास, पण वाद्याला कुणाचा हात लागत नाही. पोशाखांचे भाडे वाचवून शाळांनी पाच-सहा घुमटे, म्हणजे एका तोंडावर चामडे ताणलेली मातीची वाद्ये, घ्यावीत, असे आम्हाला वाटते.

घुमटच का? गोव्यात चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) आरतीला शामेळ-कासाळ्यासोबत (ढोलासारखे वाद्य आणि झांज) ते घुमते, ख्रिस्ती घरांत मांडो-दुलपद या गाण्यांना ते लागते आणि वसईकडच्या ईस्ट इंडियन (स्थानिक मराठीभाषक ख्रिस्ती) लग्नात विधीसाठी ‘उंबराचं पाणी’ आणायला निघालेल्या वरातीतही तेच असते. गोवा सरकारने २०१९मध्ये त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकच मडके वाजवतात, हे मुलांना भाषण देऊन सांगावे लागत नाही.

घेताना मडके बोटाने वाजवून पाहा. खणखणले तर चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मुलांसाठी लहान आकाराचेच घ्या, कारण डावा तळवा मागच्या अरुंद तोंडापर्यंत पोहोचायला हवा. तो तळवा तोंड झाकतो-उघडतो म्हणून तर आवाज वाकतो. उजव्या हाताची फक्त बोटे चामड्यावर पडावीत. मुले अख्ख्या पंजाने बडवतात, मग नाद घुमण्याआधीच दबतो. चामडे बकरीचेच हवे. पूर्वी घोरपडीचे असे, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले. कुणाच्या माळ्यावर तसले जुने घुमट असेल तर हौसेने शाळेत आणू नये.

चामडे फाटले तर नवे रात्रभर भिजवून, ओले असतानाच चहूबाजूंनी सारखे ताणून काठाखाली दोरीने आवळावे आणि सावलीत दोन दिवस वाळवावे. घाईने उन्हात ठेवले की ते एका बाजूने आखडते, कधी तडकतेही. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने चामडे सैल पडते आणि ‘घुं’चा ‘भद्’ होतो. अशा वेळी पेटलेल्या जुन्या, तापणाऱ्या पिवळ्या बल्बपासून वीतभर दूर धरून थोडे शेकावे; चुलीवर नको. म्हणूनच जून ते सप्टेंबर नुसत्या टाळ्या आणि तोंडी बोल घ्यावेत, हातात वाद्य ऑक्टोबरनंतर.

खरी गंमत मात्रांत, म्हणजे ठेक्यातल्या ठोक्यांच्या मोजणीत आहे. आरतीचा ठेका बहुधा आठाचा, दुलपदाचा सहाचा. आठाची सवय इतकी मुरलेली असते की सहाला मुले शेवटी दोन टाळ्या हमखास जास्त मारतात. एका गटाने आठ, दुसऱ्याने सहा मोजत लय न बदलता चोवीस टाळ्या माराव्यात. त्या संपल्या की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, दोन्ही गट एकत्र येतात. लय पळते ती तिथेच, म्हणून आधी अगदी सावकाश. तीस मुलांच्या वर्गात सहा जण वाजवतील, बाकीचे मोजतील आणि दर पाच मिनिटांनी हात बदलतील.

घुमटापुरतेच थांबू नये. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाने बायबलमधल्या जुन्या कथांवर मराठीत कीर्तने केली. साकी-दिंडी ही कीर्तनातली वृत्ते शिकवताना हे सांगायलाच हवे. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली आहे, तिच्यात गाणीही आहेत. कोकणी मुसलमान घरांतल्या बायकांची लग्नगीते आपल्याच बोलीतली असून बहुतेक मुलांच्या कानांवर कधी पडलेली नसतात.

मात्र बेने इस्रायल घरांत मलिद्याच्या (गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या विधीच्या) वेळी एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी म्हणायचे गीत पूजेचे असते, रंगमंचावरचे नव्हे. लग्नगीतेही बायकाबायकांतली असतात. त्या घरातल्या आजीला आधी विचारावे, ती देईल तेवढेच घ्यावे, आणि ती गाताना मोबाइल खिशातच ठेवावा.

– लोकवाद्ये शिकवणारे दोन शिक्षक, सावंतवाडी