पिशवीतला कॅमेरा

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. परकी फौज बसलेल्या देशाचा फोटो म्हटला की त्यात रणगाडा, निदान बंदूकवाला शिपाई तरी हवाच, असं तू लिहिलंस. मला हे अजिबात पटत नाही. सध्या मी दुसऱ्या महायुद्धातल्या ॲमस्टरडॅमचे फोटो पाहतोय. त्यातल्या कितीतरी फोटोंत एकही जर्मन नाही, आणि तरीही जर्मनांनी त्या शहराचं काय केलं ते त्यांतच सगळ्यांत उघड दिसतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारं अन्नधान्य अडवलं. पुढे कालवे गोठले, कोळसा संपला, आणि त्या हिवाळ्यात २०,००० च्या आसपास माणसं उपासमारीने गेली. रस्त्यावर फोटो काढायला बंदी होती. तरी काही फोटोग्राफर गुपचूप एकत्र आले. त्यात एमी आंद्रीसे होती. ती ज्यू, खोटी कागदपत्रं मिळेपर्यंत लपूनच राहिलेली. अशी बाई कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरते, या धैर्याला माझ्याकडे शब्द नाहीत.

आता यातली तांत्रिक बाजू तुला नक्की आवडेल. यांच्यातले काही जण रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरत. तो डोळ्याला लावावा लागत नाही. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. म्हणून तो पिशवीत लपवता येई. त्यांच्यातल्याच चार्ल्स ब्रेयरने तर तो सायकलच्या पिशवीत बसवला होता. त्यामुळे असे फोटो खालून घेतलेले, कधी तिरके, कधी कडेला कापडाची काळी सावली आलेले. एका फोटोत ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे जळणासाठी उपटणारी माणसं आहेत. एमीच्या फोटोतला तो मुलगा मात्र मनातून जात नाही. हातात छोटं पातेलं, अंगात कोट, बस्स. अन्न कोणी अडवलं, हे त्या पातेल्याकडे बघून विचारावंसं वाटतं.

याच्या अगदी उलट पॅरिस. तिथेही परवान्याशिवाय बाहेर फोटो काढता येत नव्हते, पण आंद्रे झुका या फ्रेंच फोटोग्राफरकडे जर्मनांनी दिलेला परवाना होता. जर्मनांच्या 'सिग्नाल' या प्रचारी मासिकासाठी तो काम करायचा आणि त्याच्याकडे आग्फाची रंगीत फिल्म होती. ती फिल्म मंद, तिला भरपूर ऊन लागे. म्हणून त्याचं पॅरिस सतत उन्हात न्हालेलं: बायकांच्या टोप्या, कॅफे, बागा. त्याच उन्हात कोटावर पिवळा तारा शिवलेली माणसंही चालताना दिसतात; हा तारा ज्यूंना सक्तीने लावावा लागे. फोटो खोटे नाहीत. पण कुठे बघायचं नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

२००८ मध्ये पॅरिसच्या महापालिकेच्या इतिहास ग्रंथालयात हे फोटो लागले, तेव्हा ते कोणासाठी काढले होते हे नीट सांगितलं नाही म्हणून लोक संतापले. मग प्रेक्षकांना खुलाशाचा कागद देण्यात आला.

तुझ्या वर्गातल्या मुलांना दाखवायला तू दोन फोटो मागितले होतेस. पातेलेवाला मुलगा आणि पिवळा तारा, हे दोन दाखव. झुकाच्या फोटोखाली परवाना कोणी दिला ते मोठ्या अक्षरांत लिही, आणि मुलं काय म्हणाली ते मला सविस्तर कळव.

तुझा,
वसंता