आई, तुझ्या कोपराची उंची हवी आहे

अश्दोद, इस्रायल

प्रिय आई, बाबा,

शालोम आणि नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चार माणसांच्या घरात मटणाचं एक आणि दुधाचं एक अशी दोन सिंक कशाला? रेवदंड्याला माझ्या आईची एकच चूल होती, एकच मोरी होती, पण तिच्या मटणात कधी दुधाचा थेंब पडला नाही." मी कॅमेरा फोडलेल्या भिंतीकडे फिरवला, तुम्ही पाइप बघत बसलात आणि उत्तर तसंच राहिलं. म्हणून लिहितोय. आईला वाचून दाखवा, तिच्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही.

आजीचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण आजीकडे मटण किती वेळा शिजायचं? सणाला, लग्नकार्याला, नाहीतर हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा, कोंबडी कापून देईल त्या दिवशी. दूध चहापुरतं. मटणाच्या दिवशी तूप नाही, तेल. रस्सा दाट करायला नारळाचं दूध, गोडाला नारळाचं दूध, गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही तेच. तोरात, आपल्या ज्यूंच्या धर्मग्रंथात, "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको" असं तीनदा बजावलं आहे, म्हणून मटण आणि दूध एकत्र करायचं नाही. आपल्या कोकणातल्या बायकांनी ते वाडीतल्या माडांच्या भरवशावर पाळलं. इथे माझ्या फ्रिजमध्ये चार तऱ्हेचं चीज आहे, मुलांचं दही आहे, शुक्रवारची कोंबडी आहे आणि दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडणारी दोन पोरं आहेत. आजीची शिस्त इथे एकट्या माणसाच्या डोक्यात ठेवून चालत नाही.

गेल्या वेळी तुम्ही आलात तेव्हाचं एक सांगतो, रागावू नका. आई दह्याची कोशिंबीर ढवळत होती आणि तुमची नात सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडली, "आजी, तो चमचा बसारी आहे!" म्हणजे मटणाचा. शाळेत शिकवतात, त्यामुळे पोर अगदी पोलीस झाली आहे. आई हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती आत आलीच नाही. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून भाजी निवडून द्यायची, बस्स. कशात हात घालायची भीती वाटते, असं तिने तुमच्या सुनेला सांगितलं म्हणे. पन्नास वर्षं जिने कोशर, म्हणजे धर्माच्या नियमाला धरून, स्वयंपाक केला, तिला कोशर स्वयंपाकघराची भीती वाटावी म्हणजे मांडणीतच काहीतरी चुकतं आहे. भिंत फोडायला काढली त्याचं खरं कारण हे. टाइल्स निघाल्या होत्या हे निमित्त.

बाबा, भायखळ्याच्या सिग्नल वर्कशॉपमध्ये तुम्ही जे केलंत तेच मला इथे करायचं आहे. केबिनमधल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर गाड्या सोडत नाहीत, इंटरलॉकिंग असतं. चुकीचा खटका ओढायला गेलं तर तो ओढलाच जात नाही. ओटा तसा हवा. कुणी कुणाला "ते नको" म्हणायची वेळच येऊ नये.

इथे घराचं शिपुत्स, म्हणजे नूतनीकरण, करणाऱ्या माणसाला कोशर किचन सांगितलं की तो एकच नकाशा काढतो. मधोमध रेघ मारायची, एका बाजूला मटण म्हणजे बसारी, दुसऱ्या बाजूला दूध म्हणजे हलावी, आणि दोन्हीकडे सगळं सारखं: सारखं सिंक, सारखा ओटा, सारखी ड्रॉवर. दिसतं छान. पण ते आपल्या जेवणासाठी नाही. आपल्या घरात आठवडाभर काय शिजतं ते मी आणि तुमच्या सुनेने कागदावर मांडून बघितलं. भात, आमटी, वाल, भेंडी, वांगं, चटणी, मासे, अंडी. यातलं काही मटणाचं नाही, काही दुधाचं नाही. सगळं पार्वे. मटण-कोंबडी शाबातला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि एखाद्या वारी. दुधाचं म्हणाल तर चहा, दही आणि मुलांचे सँडविच. मग सगळ्यात मोठा ओटा पार्वेलाच का नको? कंत्राटदार म्हणाला, असं कुणी करत नाही. मी म्हटलं, तुझ्या घरी रोज वाटण लागत नाही.

वाटणाची गोष्ट नीट सांगतो, कारण सगळा नकाशा तिच्यावर उभा आहे. कांदा, लसूण, आलं, मिरची या तिखट वस्तूंना हलाखात, म्हणजे आपल्या धर्मनियमांत, वेगळा नियम आहे. काकडी मटणाच्या स्वच्छ सुरीने कापली तर फारसं बिघडत नाही, पण कांदा कापला तर तो कांदाच बसारी होतो. तिखटपणा सुरीत मुरलेलं ओढून घेतो, असं धरतात. आता आपल्या कुठल्या पदार्थाची सुरुवात कांदा-लसणीशिवाय होते? सकाळी चुकून मटणाच्या सुरीने कांदा चिरला, मिक्सरमधून काढला, की दिवसभराचं वाटण दह्याला बाद. चीज-पास्त्यावर जगणाऱ्या घराला हे एवढं नडत नाही, आपल्याला प्रत्येक फोडणीला नडतं. म्हणून सुऱ्या, पाट, मिक्सर, खलबत्ता सगळं पार्वे आणि सगळं मधल्या ओट्यावर. मटणाच्या बाजूला एकच मोठा सुरा, तोही फक्त मटण कापायला.

रंगांच्या चिकटपट्ट्या मी काढून टाकणार आहे. इथे मटणाला लाल, दुधाला निळा, पार्वेला हिरवा रंग देतात. पण आई, तुझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याला संध्याकाळच्या दिव्यात निळा आणि हिरवा सारखेच दिसतात, हे तूच सांगितलंस. म्हणून हाताला कळेल असं केलंय. मटणाचे डाव, झारे आखूड आणि जाड मुठीचे, दुधाचे चमचे लाकडी, आणि पार्वेचे आपले नेहमीचे स्टीलचे. काळोखात उचललंस तरी कळेल.

काचेच्या थाळ्यांचं एक बरं आहे. रब्बी योसेफ कारो यांच्या शुल्हान आरूख या नियमग्रंथाप्रमाणे काच काही शोषून घेत नाही, आणि आपण सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या ज्यूंच्या, चालीचे, त्यामुळे काचेची भांडी धुऊन दोन्हीकडे चालतात. अश्कनाझी, म्हणजे युरोपकडच्या ज्यूंच्या चालीची, शेजारीण नाक मुरडते, मुरडू दे. फडताळातलं एक अख्खं खण वाचलं.

अश्कनाझींतल्याच एका थोर रब्बीचा दाखला मात्र मला फार आवडतो. क्राकोचे रब्बी मोशे इसर्लेस सोळाव्या शतकात लिहितात की मटणाबरोबर बदामाचं दूध वाढलंत तर शेजारी थोडे बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला गैरसमज होणार नाही. आता पाहुणे आले आणि तुझा पांढराशुभ्र कोंबडीचा रस्सा पानात पडला की मी टेबलावर नारळाची वाटी ठेवतो. माझी मोरोक्कन सासू पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा ती वाटी उचलून वास घेऊनच तिने घास घेतला होता.

आता बाबा, सिंकं. नीट वाचा, कारण ती दोन नसून तीन आहेत. दचकू नका. बाहेरची सर्व्हिस बाल्कनी आत घेतोय, तिथे वॉशिंग मशीनचा नळ आणि निचरा आधीपासून आहे. मशीन बाथरूममध्ये गेलं, त्यामुळे तिसरं सिंक जवळजवळ फुकटात बसतं. ते भाजीचं आणि पार्वे भांड्यांचं. दाराजवळ दुधाचं, फक्त 40 सेंटीमीटरचं, कारण तिथे कपबशा आणि दह्याची भांडी एवढंच धुतलं जाणार. गॅसच्या पलीकडे मटणाचं, 60 सेंटीमीटरचं, खोल, मोठं पातेलं आडवं मावेल असं. तिन्ही स्टीलची. पांढरं चिनीमातीचं सिंक सुंदर दिसतं, पण ते बाटलं की शुद्ध करता येत नाही. स्टील चोवीस तास न वापरता ठेवून उकळतं पाणी ओतलं की पुन्हा कामाला येतं.

तुम्हाला विचारायचं आहे ते निचऱ्याबद्दल. प्लंबर म्हणतो, मटणाचं आणि दुधाचं सिंक ओट्याखालीच एका पाइपात जोडू, स्वस्त पडेल. मला ते नको आहे. पुढे कुठे तुंबलं तर मटणाचं तेलकट पाणी दुधाच्या सिंकमधून वर येणार. शी तर आहेच, पण मग ते सिंकही शुद्ध करत बसायचं. मी दोन्हींना वेगळे ट्रॅप देऊन पाइप खाली, जमिनीच्या पातळीला जोडायला सांगितलंय. मीटरमागे 2 सेंटीमीटर उतार धरला आहे. व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवतो, लाल पेनाने खुणा करून द्या. तुमच्या खुणांशिवाय मी फरशी बसवू देणार नाही.

ओटा ग्रॅनाइटचा, काळा. दुकानदार क्वार्ट्झच्या मागे लागला होता. त्यात दगडाच्या भुकटीबरोबर राळ असते आणि त्यावर उकळतं पाणी ओतून तो शुद्ध होतो की नाही यावर रब्बींची एकवाक्यता नाही. अस्सल दगडाबद्दल फारसा वाद नाही. शिवाय ती कृत्रिम लादी कापताना उडणाऱ्या धुळीने कामगारांची फुप्फुसं जातात, त्यापायी ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ग्रॅनाइटही पाणी मारूनच कापायचं असं बजावलंय.

गॅस, ओव्हन, फ्रिज यांच्यात सांगण्यासारखं फार नाही. काचेची शेगडी घेतली नाही, साधी लोखंडी जाळीची घेतली. ओव्हन एकच, मटणाचा. चीजच्या गोष्टींना छोटा टोस्टर दुधाच्या कोपऱ्यात. डिशवॉशर नाही, आईचा त्यावर विश्वास नाही आणि माझाही बसेनासा झालाय.

दुधाचा कोपरा म्हणजे खरं तर बाबांचा चहाचा कोपरा. दारातून आत शिरताच डाव्या हाताला, म्हणजे पहाटे पाचला उठून तुम्ही कुणालाही न उठवता, स्वयंपाकघर न ओलांडता, आपला चहा करून घ्याल. साखरेचा डबा वरच्या खणात ठेवलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, मी काही बोलत नाही. शाबातला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून तेव्हाचा चहा शुक्रवारी करून थर्मासमध्येच, त्यावर उपाय नाही. तक्रार ऐकून घेईन.

शाबातच्या प्लाट्याला, म्हणजे जेवण गरम ठेवणाऱ्या विजेच्या तव्याला, या वेळी कायमची जागा दिली आहे. मटणाच्या सिंकच्या पलीकडे, वर लाकडी कपाट नाही अशा ठिकाणी, आणि वेळेवर आपोआप चालू-बंद होणारं घड्याळाचं बटण भिंतीतच. आतापर्यंत तो खुर्चीवर ठेवत होतो, मुलं धडपडायची. आई, तुझा नारळाचा रस्सा रात्रभर प्लाट्यावर राहिला की फुटतो, त्यावर तुझ्याकडे काही युक्ती असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी प्लाट्याच्या एका टोकाला कमी तापणारी जागा ठेवतो.

पेसाह सणाची वेगळी भांडी बाल्कनीच्या वरच्या कपाटात, कुलूप लावून. चढायचं मला, तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. भाताचं पातेलंही तिथेच. सासूच्या माहेरी पेसाहला भात चालत नाही, आपल्याकडे तीनदा निवडून चालतो, आणि बायको आता आपल्या चालीने जेवते. सासूबाई दरवर्षी त्या पातेल्याकडे बघून उसासा टाकतात आणि नंतर मिमुनाच्या, म्हणजे पेसाह संपल्याच्या, रात्री आपल्यालाच मुफलेता, ते पातळ गोड पोळे, खायला घालतात.

आता आई, तुझी जागा. बाल्कनीच्या खिडकीशी, तिसऱ्या सिंकला लागून, ओटा मुद्दाम खाली उतरवलाय. बसून काम करायचा. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर यांत किडा राहिला तर तेही कोशर नाही, त्यामुळे भाजी निवडणं हे या घरातलं मोठं काम आहे. आम्ही दोघं ते घाईत करतो. तुझ्यासारखं काडी काडी बघून कुणी करत नाही. तिथे वर पांढरा दिवा येतोय, पाणी हाताशी आहे, खाली पाय ठेवायला पट्टी आहे, आणि तिथलं झाडून सगळं पार्वे आहे. तुझ्या हाताला लागेल ती सुरी बरोबरच असेल. नातीला मी सांगून ठेवलंय की ती बाजू आजीची, तिथे पोलीस नकोत. तिने विचारलं, मग मला तिथे मिरच्या कुटायला मिळतील का? ते तू ठरव. मासेही तिथेच साफ करू. इथे बुरी म्हणतात तो आपला बोय बाजारात ताजा मिळतो, खवले काढायला खोल सिंक लागतंच. फक्त तो मटणाच्या पातेल्यात जायचा नाही, एवढं तुला सांगायला नको.

तर आता काम सांगतो. जेवणाच्या खुर्चीत ताठ बस, चपला काढून, आणि बाबांना जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंत टेप लावायला सांग. उजव्या हाताचा घ्या, डावा खांदा तू वर उचलतेस. मी अंदाजाने 74 सेंटीमीटर धरलंय. शिवाय तुझ्या विळीच्या पाटाची लांबी-रुंदी आणि पातं उघडल्यावरची उंची. विळी पेसाहला येताना आणायची असेल तर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात विमानतळावर काढून घेतील. नवे स्टीलचे डबे आणलेत तर मिकव्यात, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडवून मगच वापरू, त्याची सोय घराजवळ आहे. खोबऱ्याची खवणी आणू नका, इथे ओट्याला स्क्रूने बसणारी मिळाली.

मापं शुक्रवार दुपारच्या आत पाठवा. रविवारी सकाळी सातला ग्रॅनाइट कापणारा येतो, आणि त्याने कापल्यावर मग सेंटीमीटरही मागेपुढे होणार नाही.

तुमचा
धाकटा