उद्देश डायरीत सापडला नाही, विठोबाशी भांडताना सापडला

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आयुष्याचा उद्देश कसा शोधायचा यावर पानभर लेख आला होता तो वाचला. डायरी लिहा, छंद जोपासा, पाच वर्षांचं ध्येय ठरवा, सगळं बरोबर आहे पण अख्ख्या पानात देवाचं नाव एकदाही नाही याचं वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

आमचे हे अकरा वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालले. मी कधी गेले नाही, पालखी फलटणला मुक्कामाला आली की दर्शन घ्यायचं आणि घरी यायचं. २०१९ च्या दिवाळीत हे गेले. पुढच्या आषाढीला कोरोनामुळं वारीच नाही, पादुका एसटीतून पंढरपूरला नेल्या, ते मी टीव्हीवर बघितलं आणि काय झालं माहीत नाही, उठले आणि देव्हाऱ्यातल्या विठोबाचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. म्हटलं तू माझं माणूस नेलंस, आता माझं तोंड बघू नकोस.

रोज त्या पाठमोऱ्या फोटोशी भांडायचे. पोळ्या लाटताना, भांडी घासताना, माणूस घाण्याच्या बैलासारखं फिरून फिरून तेच तेच बोलतो ना तसं. हळूहळू लक्षात आलं की दिवसभरात मी सगळ्यात जास्त याच्याशीच बोलतेय. आपल्या संतांनी हेच तर केलंय की. जनाबाईच्या जात्याला त्यानं हात लावला असं आपण लहानपणापासून ऐकतो. चोखोबांना तर देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी आजही नामदेव पायरीसमोर बाहेरच आहे, ते दार सगळ्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं, पण दार बंद होतं म्हणून चोखोबांचं विठोबाशी बोलणं थांबलं का? एक दिवस मीच फोटो पुसला, सरळ केला आणि विचारलं, अजून ठेवलंयस ना मला, मग काम सांग.

२०२२ ला वारी परत पायी निघाली तेव्हा यांचे टाळ घेऊन दिंडीत गेले. लोणंदच्या मुक्कामाला शेजारच्या आजींच्या टाचेला लिंबाएवढा फोड आलेला, त्यांना पाय टेकवेना. आमच्या दिंडीतल्या एका माऊलींनी दाखवलं, सुई उकळून घ्यायची, दोरा ओवून फोडातून आरपार काढायची आणि दोरा तसाच आत ठेवायचा, पाणी आपोआप निघून जातं, कातडं अजिबात सोलायचं नाही. माझे हात थरथरत होते. सकाळी त्या आजी उठल्या, चार पावलं टाकून बघितली आणि माझ्याच पाया पडल्या. मी मागं सरकले तर म्हणाल्या, तुझ्या नाही गं, त्याच्या पडतेय.

त्या दिवसापासून हे माझं काम आहे. मुक्कामाला तंबू लागले की सुई, दोरा, खोबरेल आणि कापडाच्या पट्ट्या घेऊन बसते. एका संध्याकाळी वीस-पंचवीस पाय तरी होतात. प्रत्येक पाय हातात घेताना मी विठोबाशी बोलते, आता भांडण कमी आणि चौकशी जास्त.

यंदा पालखी येईल तेव्हा ड्रोनचे फोटो जरूर छापा, बघायला छान वाटतात. पण एखादा वार्ताहर रात्री तंबूतपण पाठवा आणि एखाद्या आजींना विचारा, तुम्ही विठोबाशी काय बोलता. एवढीच विनंती आहे.

आपली नम्र,
एक वारकरी वाचक, फलटण