रविवारी पैसे भरायच्या आधी

पुणे, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय वसू,

पक्याने काल रात्री आपल्या आठ जणांच्या सहलीसाठी ग्रुपवर टाकलेला, ग्रीसमधल्या क्रीट बेटावरचा व्हिला तू पाहिलास आणि नुसता अंगठा दाखवलास. तुझा नुसता अंगठा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. बाकी सगळ्यांनी 'डन' लिहून मोकळं केलंय. रविवारी तीस टक्के रक्कम भरायची आणि ती कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही. मी ग्रुपवर बोलले तर तारकर्लीच्या सहलीचं रामायण पुन्हा सुरू होईल. पक्या चार दिवस फुगून बसेल आणि वहिनी निरोप पोचवत बसतील. तुझं तो ऐकतो, म्हणून तुला एकटीला लिहितेय.

इकडे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर ठीक. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्या पेपर वाचून आम्हालाच बातम्या सांगतात.

व्हिला देखणा आहे, प्रश्नच नाही. पण तो दक्षिण किनाऱ्यावर, स्फाकियाच्या वरच्या अंगाला आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या हानियाच्या विमानतळावर उतरायचं, लेफ्का ओरीचे डोंगर ओलांडायचे आणि इम्ब्रोस गावाच्या पुढे नागमोडी वळणांनी थेट समुद्राकडे उतरायचं. लांबच्या प्रवासानंतर, काकूंना या वयात मागच्या सीटवर बसवून. 'समुद्र ३०० मीटर' लिहिलंय ते नकाशावर सरळ रेघ मारून. चढउतार त्यात कुणी धरत नाही. फोटो नीट बघ: पोहण्याच्या तलावाच्या काठावरून घराचं छप्पर खाली दिसतंय. म्हणजे गाडी वर, तलाव मध्ये, खोल्या खाली. रोज प्रत्येक गोष्टीला जिना. काकू पहिल्या दिवशी उतरतील आणि मग आठवडाभर खोलीतच बसतील. "तुम्ही जाऊन या गं" म्हणतील आणि तू जाणार नाहीस. दोन वर्षांत तुला एक धड सुट्टी मिळालेली नाही, वसू. ही तुझी आहे, आणि ती अशी जाऊ नये एवढंच मला वाटतं.

बेट बदलायची गरज नाही, क्रीटच बरं. फक्त बाजू बदलायची. हानियाच्या पूर्वेला आपोकोरोनास म्हणून भाग आहे: ऑलिव्हची झाडं, लहान लहान गावं, उत्तर किनारा. आल्मिरिदा किंवा कालिव्हेसच्या आसपास घर शोधायचं. आल्मिरिदाचा किनारा वाळूचा आणि उथळ आहे, पक्याचं पिल्लू काठावर खेळेल आणि काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहतील. विमानतळापासून पाऊण तास धर. आरोग्य केंद्र वामोसला, मोठं इस्पितळ हानियाला, आणि दोन्हीकडे जाताना घाट नाही.

उत्तर किनाऱ्यावर वारा असतो म्हणून पक्या दक्षिण धरून बसलाय. ते जुलै-ऑगस्टला खरं आहे. तेव्हा उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, दिवसचे दिवस लाटा उसळतात. पण दक्षिणेला तो नसतो असं नाही, डोंगरावरून खाली कोसळतो आणि टेबलावरच्या ताटल्या उडवतो. सप्टेंबरच्या अखेरीला त्याचा जोर ओसरलेला असतो आणि उन्हाळाभर तापलेला समुद्र अजून कोमट असतो. मे महिन्यात हवा छान, पण पाणी गार. म्हणजे वाऱ्यासाठी दक्षिणेला पळायचं कारणच उरत नाही.

तारखा मी अशा मांडल्यात. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर, शुक्रवार. तुमचे गणपती झाल्याशिवाय तू निघणार नाहीस. शनिवारी २६ ला पहाटे निघायचं, रात्री अथेन्सला विमानतळाजवळ झोपायचं, रविवारी दुपारच्या विमानाने हानिया. पक्याला अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट हवी आहे. ती वाईट नाही, आठ-नऊ तासांत सकाळी हानियाच्या सूदा बंदरात सोडते, पण व्हिला दुपारी चारला मिळतो. सकाळी सहापासून चारपर्यंत आठ माणसं आणि सामान घेऊन कुठे बसायचं? उन्हाळ्यात बरेच मालक शनिवार ते शनिवारच देतात, पण सप्टेंबरअखेरीस रविवार मागितला तर बहुधा देतात. २७ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, सात रात्री. काकांची तिथी द्वादशी, तोवर आपण घरी.

आता पैशाचं. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, म्हणजे आपला २६ मार्चपासून. निकाल साधारण पंधरा दिवसांत, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. मग फेब्रुवारीत परत न मिळणारे पैसे भरायचे कशाला? व्हिसा हातात आल्यावरही रद्द करता येईल असंच घर घ्यायचं, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. दुसरं म्हणजे, व्हिला पक्याच्या एकट्याच्या नावावर घेतला तर तुझ्या आणि माझ्या अर्जात राहण्याचा पुरावा काय जोडणार? बुकिंगच्या कागदावर आठही जणांची नावं पासपोर्टवर आहेत तशी हवीत. मालक असं पत्र देत नसेल तर ते घर सोडायचं. फी मोठ्या माणसाला ९० युरो, व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. काकूंच्या विम्यात मधुमेह लपवू नको. हप्ता वाढेल, पण लपवलेल्या आजारावर दावा नाकारतात.

जाहिरातीवर सरकारी नोंदणी क्रमांक शोध. भाड्याच्या घरांना ग्रीक कर खात्याचा एएमए क्रमांक असतो, पर्यटन व्हिलांना परवान्याचा. दोन्ही नसेल तर एक रुपयाही नाही. "साइटबाहेर थेट बँकेत भरा, स्वस्त पडेल" म्हणाले तरी नाही. शिवाय हवामान शुल्क म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर ८० चौरस मीटरवरच्या स्वतंत्र घराला रात्रीला १५ युरो पडतात, सात रात्रींचे १०५. ते बरेचदा भाड्यात धरलेले नसतात, तिथे गेल्यावर मागतात. पक्या तेव्हा भांडायला उभा राहील, त्याला आत्ताच सांगून ठेव.

मालकाला काय विचारायचं ते तुझ्याकडून जाऊ दे, तू पत्रं चांगली लिहितेस. पहिली मागणी व्हिडिओची: गाडी लावतात तिथून निघून तळमजल्यावरच्या पलंगापर्यंत, मध्ये न थांबवता काढलेला. फोटोत पायऱ्या लपतात, चालत काढलेल्या व्हिडिओत लपत नाहीत. तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिथेच न्हाणीघर, बाथटबच्या उंच काठाशिवाय. तलावाची खोली दोन्ही टोकांना किती? बहुतेक खाजगी तलावांना कुंपण नसतं, आणि बसायच्या खोलीचं सरकतं दार थेट पाण्यावर उघडतं. पिल्लू चार वर्षांचं आहे. त्या दाराला वरच्या बाजूला कडी आहे का, हे विचारच. 'तापवलेला तलाव' लिहिलं असलं तरी तापवण्याचे पैसे वेगळे असतात आणि पंप दोन दिवस आधी सुरू करावा लागतो. आपण जाऊ तेव्हा रात्री हवा उतरलेली असेल, झाकण नसेल तर दिवसभराची उष्णता रात्रीतून जाते. मी म्हणेन तलाव गारच राहू दे, पोहायला समुद्र आहे. तलावाच्या पैशात गाडी चांगली येईल.

गरम पाण्याची गंमत तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही. छपरावर सौर टाकी असते, दीड-दोनशे लिटरची. आठ माणसांनी सकाळी ओळीने आंघोळी केल्या तर पाचव्याला गार पाणी. निम्म्यांनी संध्याकाळी करायची, उन्हाने टाकी भरून तापलेली असते. ढगाळ दिवसासाठी टाकीत विजेची कॉइल असते आणि तिचं बटण न्हाणीघरात नसून वीजपेटीत असतं. वीस-तीस मिनिटं चालू करायचं आणि आठवणीने बंद करायचं. ग्रीक घराला साधारण ८ केव्हीएची जोडणी असते. ती कॉइल, शेगडीच्या दोन चकत्या आणि तीन खोल्यांचे एसी एकदम लावले की सगळं घर अंधारात. पेटी कुठे आहे ते पहिल्या संध्याकाळी उजेड असताना बघून ठेवायचं. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, सांडपाण्याचा नळ अरुंद असल्याने तुंबतो. जेट स्प्रे नसतो, प्रत्येक कुटुंबाने एक प्लास्टिकचा तांब्या घ्यायचा.

स्वयंपाकघर 'सुसज्ज' म्हणजे कॉफीयंत्र आणि वाइनचे ग्लास. कुकर तुझा. पण आधी शेगडीचा फोटो मागव. साधी काचेची विजेची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, हळू तापतो इतकंच. इंडक्शन असेल तर तो तापणारच नाही, स्टीलचा लागेल. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघ. तवा न्यायचा असेल तर सपाट बुडाचा, खोलगट तव्याचं तिथे काही होत नाही.

तूप नेऊ नको. काकूंना हे तुलाच सांगायला लागेल. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून नेता येत नाहीत, त्यात तूप आलं, पेढे आले. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नाहीत. डाळ, पोहे, गोडा मसाला, हिंग चालेल. तांदूळ, मसूर, काबुली चणे तिथल्या दुकानात मिळतात.

बाहेर जेवायला मात्र क्रीटसारखी जागा शाकाहारी माणसाला क्वचित. ऑर्थोडॉक्स उपासांमुळे बिनमांसाचा, बिनदुधाचा स्वयंपाक त्यांच्या हाडीमासी आहे. 'निस्तिसिमो' म्हणून विचारायचं, पण त्यात कोळंबी-माकूल चालतात हे लक्षात ठेव. काकूंसाठी फावा, ते अगदी आपल्या घट्ट वरणासारखं, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या लिंबू पिळून. दाकोस म्हणजे जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज. पाव आधी ओला करून मागायचा, नाहीतर काकूंची कवळी. फसगत होते ती भातात. लग्नाचा भात म्हणून गामोपिलाफो देतात, दिसायला पांढराशुभ्र, पण शिजवलेला असतो मांसाच्या रश्श्यात. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्याही विचारूनच, काहींत खिमा असतो.

गाड्या दोन लहान घ्यायच्या, एक मोठी नाही. गावातल्या गल्लीत नऊ आसनी गाडी अडकली की मागे घ्यायला कोण उतरणार? ऑटोमॅटिक कमी असतात, आत्ताच सांगून ठेवायच्या. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, नवऱ्याचं चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढायचा, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. परवाना नसताना काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. उजवीकडून चालवायची सवय दोन तासांत होते, चूक होते ती पेट्रोलपंपावरून किंवा रिकाम्या गल्लीतून बाहेर पडताना, समोर दुसरी गाडी नसते तेव्हा. शेजारी बसलेल्याने दर वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. उत्तरेच्या हमरस्त्यावर मागची गाडी चिकटली की सगळे कडेच्या पट्टीवर सरकतात. सरळ रस्त्यावर सरकावं, वळणावर अजिबात नाही, कारण पलीकडे कुणी गाडी उभी केलेली असते.

आणि पक्याचं सांतोरिनी बेट! "एका दिवसात होतं" म्हणे. आल्मिरिदाहून हेराक्लिओन बंदर दोन तास, बोट दोन तास, संध्याकाळी तेच उलटं. पहाटे चारला उठायचं, मध्यरात्री परतायचं, आणि मध्ये उन्हात गर्दीतून चढ चढायचा. सात दिवसांच्या घरात बाहेरचे दिवस तीन पुरे. एक हानियाच्या जुन्या बंदराचा, संध्याकाळी. एक एलाफोनिसीच्या किनाऱ्याचा: हानियाहून पाऊणशे किलोमीटर असलं तरी डोंगरातून दीड तासावर जातो, दहाच्या आत पोचलं तरच गाडी लावायला जागा आणि निळंशार पाणी मिळतं. बालोसचा किनारा नको, शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता, तिथे गाडीच्या बुडाला लागलं तर विमा नाही, वर पायऱ्या. चिन्मय आणि पक्याला समारियाची घळ करायची असेल तर खुशाल करू दे: १६ किलोमीटर उतार, पाच ते सात तास, खाली आयिया रुमेलीहून गाडीरस्ता नाही, बोटीनेच सुटका. ते दिवसभर गेले की घरी आपण निवांत. क्नोसोसचा उत्खनन केलेला प्राचीन राजवाडा परतीच्या दिवशी, हेराक्लिओनहूनच विमान धरलं तर वाटेवरच. काकूंना क्नोसोस आणि हेराक्लिओनचं वस्तुसंग्रहालय दोन्ही झेपणार नसेल तर क्नोसोस सोडून वस्तुसंग्रहालय दाखव. मूळ भित्तिचित्रं तिथेच आहेत, उत्खननावर प्रती आहेत, आणि आत सावली आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयचा निकाल लागला का? घरमालकाशी बोलणं झालं असेल तर एका ओळीने कळव.

शनिवारपर्यंत पक्याला फोन कर. माझं नाव घेतलंस तरी चालेल, पण पैसे आधी थांबव.

तुझी,
सुमी

ता. क. काकूंचा पासपोर्ट आजच काढून बघ. परतल्यानंतर किमान तीन महिने मुदत उरायला हवी, म्हणजे ५ जानेवारी २०२७ च्या पुढे, आणि दोन पानं कोरी हवीत. नवा काढायचा झाला तर मार्चच्या आत हातात यायला पाहिजे.