हळदीची पानं कुणाकडे मागायची?

फोंडा, गोवा
तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दिवाळीच्या तोंडावर मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण पाऊस यंदा जाता जात नव्हता. तो थांबल्यावर गेले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ वाफे भरण्यातच गेले. आज वायंगणी, म्हणजे हिवाळी, भाजीचं पहिलं बी टाकून झालं, हात धुतले आणि लिहायला बसलो. उद्याच्या लग्नासाठी ऊस, आवळ्याची फांदी, चिंचा आणि दिंड्याची काठी पडवीत आणून ठेवली आहे, त्यामुळे आज थोडी उसंत आहे.

पुण्यात तुमच्या सोसायटीसमोरच्या उद्यानात भाजीशेती करायचं तुझ्या मनात आलं, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुमचं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बागायत, विकलं गेलं त्या वर्षी तू चवथीला, गणपतीलाही, आला नव्हतास, ते मी विसरलेलो नाही. पण पत्रात तू पहिलाच प्रश्न विचारलास तो आमच्या इथल्या सार्वजनिक बागेतल्या भाजीच्या कुंपणाचा. किती खर्च आला, जाळी कोणती घेतली, रात्री राखण कोण करतं? त्याचं उत्तर देतो, पण जरा मागून. आधी मातीचं बोलू, कारण आमचे पहिले चार महिने तिच्यातच गेले.

आमच्या बागेचा मागचा कोपरा तुला आठवत असेल. घसरगुंडीच्या पलीकडे, रेनट्रीच्या सावलीबाहेर, साधारण दीडशे चौरस मीटर जागा. वरून हिरवळ दिसायची, पण पिकाव मारला की ठणकन आवाज. खाली सगळा जांभा. इकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चारच महिन्यांत. एवढं पाणी मातीतला चुना धुऊन नेतं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. शेतकी खात्याच्या प्रयोगशाळेत नमुना दिला, सामू (पीएच) निघाला ५.२. म्हणजे चांगलीच आम्ल. वाफ्यांत चुना मिसळून तीन आठवडे तसेच ठेवले, मग खत घातलं. दोन्ही एकदम घालू नये, शेणखतातला नत्र उडून जातो.

हे वाचून तू मात्र चुन्याची पोती आणू नकोस. पुण्याची काळी माती बेसाल्टची, तिच्यात चुना मुळातच असतो आणि ती बहुतेक वेळा विम्लधर्मी निघते. तुझी अडचण उलटी असेल: पाण्याचा निचरा. तरीही अंदाजाने काही करू नकोस, मातीची तपासणी करून घे. आणि एक गोष्ट आवर्जून बघ, ती जागा रस्त्यापासून किती लांब आहे. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली पूर्ण बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत उतरलेलं शिसं तिथेच राहतं. ते विरघळून वाहून जात नाही की कुजत नाही. जुन्या रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीखालीही तेच. अशा जागी पालेभाजी आणि मुळा लावू नये, कारण पानांवर धूळ बसते आणि मुळा तर मातीतच वाढतो. भेंडी, वांगी, दोडकी यांच्या फळांत ते फारच कमी उतरतं. आम्ही रस्त्याकडचा पट्टा फुलांना दिला: अबोली, झेंडू, जास्वंद.

मातीच्या बाबतीत आम्ही एकदा फसलो. वाफ्यांसाठी म्हणून दोन ट्रक माती विकत घेतली. वरचा थर लाल, छान. खाली फुटक्या फरशा, सिमेंटचे गोळे, वायरींचे तुकडे. ज्याच्याकडून घेतली तो फोन उचलेना. आठ जणांनी चार रविवार ती चाळली. मला त्या दिवसांत फार राग यायचा. माती विकणाऱ्याला त्यात काय आहे हे ठाऊक असणारच, आणि आपण त्यात मुलांना खायचं पिकवणार हेही आम्ही त्याला सांगितलं होतं. तू माती घेशील तेव्हा ट्रक रिकामा होत असताना उभा राहा, फावड्याने मधून उकरून बघ आणि मगच पैसे दे.

वाफे चौदा केले. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. उंची एक फूट. कडेला चिरे रचले. आमच्या माळीदादांनी मधल्या वाटा उताराला आडव्या न ठेवता किंचित तिरक्या काढल्या. तेव्हा मला ते डोळ्यांना खटकलं होतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस कोसळला, पाणी त्या वाटांनी अलगद कुंपणाकडच्या गटारात गेलं आणि एकाही वाफ्याची माती हलली नाही, तेव्हा त्यांचं शहाणपण कळलं. लहानपणी पाटाचं पाणी बागायतीत फिरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. तुझ्या उद्यानातही असा कुणीतरी असेल. आराखडा काढण्याआधी त्याला विचार.

खताचं मात्र आमचं नशीब फळफळलं. बागेतला पाला रोज सकाळी झाडून जाळला जायचा, आता तो जाळीच्या गोल पिंजऱ्यांत भरतो. नुसता पाला कुजायला वर्ष लावतो. म्हणून त्यात जवळच्या देवळातलं निर्माल्य मिसळतो. तीन टोपल्या पाला, एक टोपली निर्माल्य, ओल हाताला लागेल इतकी, आणि दर पंधरा दिवसांनी उलथापालथ. चार-साडेचार महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं, त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. निर्माल्यातले दोरे तेवढे काढावे लागतात. पूर्वी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, केळीच्या दोरात गुंफलेले असायचे, आता कितीतरी नायलॉनमध्ये येतात. ते काम दोन आज्या करतात. संध्याकाळी बाकावर बसून दोरे सोडवतात आणि त्यांच्या गप्पा ऐकायला मुलं जमतात.

पहिल्या वायंगणात आम्ही फक्त सोपं लावलं. तांबडी भाजी, मुळा, अळसांदे (चवळी) आणि एका वाफ्यात आगशीची वांगी. तांबडी भाजी पंचविसाव्या दिवशी काढली. कोवळी, देठासकट चिरून, खोबरं आणि कांदा घालून. शेजारच्या बांधकामावर काम करणारी हावेरीकडची एक बाई रोज जाता-येता उभी राहून बघायची. एकदा आत आली, काही न बोलता माझ्या हातातलं बी घेतलं, त्यात चार मुठी बारीक रेती मिसळली आणि वाफ्यावर भिरकावलं. रेतीमुळे बी दाट पडत नाही. आमची आधीची रोपं गुच्छागुच्छाने उगवली होती, तिची मोजून लावल्यासारखी आली. तिला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. अजून ती शनिवारी येते.

तुला ठाऊकच आहे की आपल्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. चोर्ल्यात दरड पडली की बाजारात टोमॅटोचा भाव चढतो. चौदा वाफ्यांनी ते बदलणार नाही आणि कुणाला तसं सांगूही नकोस. लोकांना वाटतं की उद्यानातल्या शेतीवर वॉर्डाचं पोट भरेल, मग पहिल्या हंगामात चार जुड्या हाती आल्या की ते नाराज होतात. वाफ्यावर काय मिळतं ते वेगळं. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, हे आमच्या वाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, चाळीस मुलांनी स्वतः पाहिलं.

फेब्रुवारीपासून पाण्याचे हाल सुरू झाले. पाच वाफे चालू ठेवले, बाकीचे सुक्या पानांनी वीतभर झाकून स्वस्थ ठेवले. पावसाळ्यात उलट, नऊ वाफे वर काढलेल्या मांडवांनी भरले: दोडकी, घोसाळी, तवशी, चिबूड. सात शिरांची भेंडी तर मुसळधार पावसात उभी राहिली. हातभर वाढली तरी कोवळी राहते. फळमाशीने चिबडांना त्रास दिला तेव्हा क्यू ल्यूरचे, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचे, सापळे टांगले. आफ्रिकन गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचाव्या लागतात. त्यांना उघड्या हाताने धरू नये, त्यांच्यातल्या परजीवीपासून माणसाला आजार होतो. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकतो. मीठ वाफ्यात कधीच नाही.

आता कुंपण.

रेनट्रीच्या अर्धवट सावलीत भाजी होईना, म्हणून तिथे कुळागरासारखं केलं. वर दोन केळी, मग सुरण आणि आळू, खाली हळद. मे अखेरीला साठ गड्डे लावले. श्रावणात पानं मांडीपर्यंत आली, हिरवीगार, नुसतं जवळून गेलं तरी वास यायचा. नागपंचमीला या पानांत गोड पातोळ्या वाफवतात; तिच्या आदल्या रात्री कुणीतरी सगळी पानं कापून नेली. सगळी! सकाळी गेलो तर साठ दांडे उभे.

मी त्या दिवशी जेवलो नाही. संध्याकाळी सगळे जमले. कुणी म्हणालं, सहा फुटी जाळी लावू, दाराला कुलूप. कुणी म्हणालं, कॅमेरा. मीही जाळीच्याच बाजूचा होतो, खर्चाचा अंदाजही काढून आणला होता. माळीदादा सगळ्यात शेवटी बोलले. ते म्हणाले, "पातोळ्यांना पानं सगळ्यांनाच लागतात. दिवसा मागायची तर कुणाकडे मागायची, हे बागेत कुठे लिहिलंय?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. मित्रा, मी आधीच्या सगळ्या महिन्यांचा विचार केला. परवानगीसाठी आम्ही सात महिने फिरलो, कारण कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. नळाची किल्ली कुणाकडे, हेही पहिले तीन आठवडे ठाऊक नव्हतं. आम्हाला ज्याने इतकं दमवलं, तेच आम्ही बागेत येणाऱ्या प्रत्येकाला देत होतो. सार्वजनिक जागेत उगवलेलं पान आपलं की परक्याचं, हे येणाऱ्याला कोण सांगणार? लहानपणी तुमच्या परसात आम्ही न्हाणीमागचं आळू मागायला यायचो, तेव्हा तुझी आई दारातच असायची. ती "ने" म्हणायची, आणि किती न्यायचं तेही सांगायची.

जाळीचा बेत सोडला. दाराशी फळा लावला: रोज सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, बाकावर आमच्यापैकी एकजण बसेल, त्याच्याकडे मागा. खाली आठवड्याची पाळी खडूने लिहितो. हळदीला नवे कोंब फुटले. पंधरा ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला क्रिस्तांव घरांतूनही पातोळ्या होतात, तेव्हा सहा-सात जण आले. चवथीच्या आदल्या दिवशी तर रांगच लागली. एका झाडाची दोनच पानं कापायची, असा नियम केला. पानं गेली की गड्डा भरत नाही, हे प्रत्येकाला सांगितलं. एक पोरगा म्हणाला, "मग मला एकच द्या, आई अर्धं अर्धं करेल." माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाभाज्यांच्या चौकटीसाठी, दोडकी, तवशी, चिबूड आणि सुरणाचं पान गेलं. त्या संध्याकाळी विळी हातात घेऊन मी दोन तास उभा होतो, आणि वाड्यातल्या जितक्या माणसांशी बोललो तितक्यांशी वीस वर्षांत बोललो नव्हतो.

चोऱ्या थांबल्या का? पूर्ण नाही. अधूनमधून वांगी जातात, सप्टेंबरात एकदा केळीचा घड गेला आणि मला वाईट वाटलं. गुरांसाठी मात्र कमरेइतकी जाळी आहे, ती हवीच. तिला कुलूप नाही, कडी आहे.

काढणीची वाटणी दर शनिवारी होते. त्या आठवड्यात ज्यांनी काम केलं त्यांना आधी, उरलेलं अंगणवाडीला. विक्री करायची नाही, हे परवानगीच्या कागदातच लिहून घे, नाहीतर पहिल्या चांगल्या हंगामातच भांडणं होतील. कागद निदान तीन वर्षांचा असू दे, त्याहून कमी मुदतीत मातीच तयार होत नाही. आणि पाणी कुणाच्या बिलावर, हे त्याच कागदात हवं.

तू पहिल्या वर्षी चौदा वाफे करू नकोस. चार पुरे. मेथी, कोथिंबीर, पालक यांपासून सुरुवात कर, आत्ता पुण्यात थंडी पडायला लागली असेल. पण त्याआधी एक आठवडा नुसता त्या उद्यानात जाऊन बस. सकाळी कोण येतं, दुपारी कोण झोपतं, ऊन कुठे सहा तास टिकतं ते बघ आणि मला लिही.

सात शिरांच्या भेंडीचं बी राखून ठेवलं आहे. सगळ्यात सरळ झाडावरच्या पाच शेंगा झाडावरच वाळवल्या, राख लावून बाटलीत भरल्या. हळद फेब्रुवारीत निघेल, गड्डे लहान असतील, पण त्यातले दहा तुझे. टपालाने पाठवणार नाही. वहिनींना घेऊन ये, खतखतं, म्हणजे कंदांची मिसळ भाजी, करू. कणगी आणि शेगट घरचं आहे, तिरफळं मागच्या झाडाची. बाकावरची माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी असते, तेव्हा गाडीतून उतरून थेट बागेतच ये.

तुझाच,
बालमित्र