मिरजेच्या काकांना, सांगलीकडच्या साउंडवाल्यांकडून

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या त्या एका पानाबद्दल आहे. चौकटीच्या वहीतलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, वर ‘प्रोसेसर लावण्याआधी’ एवढंच (प्रोसेसर म्हणजे मिक्सर आणि अँपच्या मधलं, आवाज वाटून आणि आवरून देणारं यंत्र). त्याच्या झेरॉक्स आता सांगली, मिरज, तासगावच्या कितीतरी रॅकच्या (अँप-प्रोसेसरच्या पेट्यांच्या) झाकणांना आतून चिकटवलेल्या आहेत. तुम्ही शिकवणीचा एक रुपया घेतला नाहीत, तेव्हा आभार तरी चारचौघांत मानू. शिवाय ज्यांच्या हाती ते पान लागलं नाही, त्यांना त्यातला मजकूर इथं वाचायला मिळेल.

पानावरची पहिली ओळ: ‘कॉइल वॅटनं जळते, पण लिमिटर व्होल्टचा लावायचा.’ कॉइल म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी. आमच्याकडे लिमिटर म्हणजे लाल दिवा लागेपर्यंत फिरवायचा गोल खटका, अशीच समजूत होती; खरं तर तो ठरवलेल्या व्होल्टच्या वर सिग्नल जाऊ न देणारा प्रोसेसरमधला पहारेकरी. तुम्ही गणित घालून दिलंत. स्पीकर ८ ओहमचा, ५०० वॅट आरएमएस, म्हणजे सतत पेलेल एवढी शक्ती. ५०० गुणिले ८ म्हणजे ४०००, त्याचं वर्गमूळ ६३. म्हणजे त्या स्पीकरच्या तारेवर सतत ६३ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही. अँपचा गेन, म्हणजे वाढ, ३२ डीबी (डेसिबल) असेल तर तो ४० पट वाढवतो. ६३ भागिले ४० म्हणजे साधारण १.५८ व्होल्ट, म्हणजे प्रोसेसरच्या आउटपुटवर जवळपास +६ डीबीयू (व्होल्ट सांगायचं डीबीतलं माप). झाला लिमिटर. दोन बॉक्स पॅरलल जोडले तरी आकडा तोच, कारण पॅरललमध्ये व्होल्ट बदलत नाही, करंट वाढतो. रात्रभर एकसारखा बेस चालणार असेल तर ३ डीबी खाली, म्हणजे ४५ व्होल्टच्या आसपास. त्यानं शक्ती निम्मी होते आणि ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही.

अँपवर गेन छापलेला नसतो किंवा छापलेल्यावर विश्वास बसत नाही, त्यासाठी तुमची मल्टिमीटरची पद्धत. स्पीकरच्या तारा काढायच्या, अँपचे नॉब पूर्ण उघडे, लिमिटर सगळ्यात वर. बेसच्या चॅनेलला ६० हर्ट्झचा साइन टोन सोडून मीटर एसीवर ७० व्होल्ट दाखवेपर्यंत वाढवायचं, मग थ्रेशोल्ड (लिमिटर आवरायला लागतो ती पातळी) खाली आणत ६३ वर थांबायचं. टोन ६० चाच का, तर साधा मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलायला लागतो. हॉर्नच्या (उंच सुरांच्या भोंग्याच्या) चॅनेलला म्हणून गणितच बरं. आणि या वेळी टर्मिनलला बोट लावायचं नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत. अँप ब्रिजवर टाकला, म्हणजे दोन चॅनेल जोडून एक केले, की व्होल्ट दुप्पट, म्हणून लिमिटर ६ डीबी खाली. जळालेले बरेच अठरा इंची बेस स्पीकर याच एका विसरण्याचे बळी असतात.

नॉबचा मुद्दा तर सोन्याचा. लिमिटर नॉब पूर्ण उघडा ठेवून लावला असेल तर नंतर नॉब कितीही कमी करा, स्पीकरला धोका नाही; मर्यादा खालीच येते. अर्ध्या नॉबवर लिमिटर लावला आणि कार्यक्रमात कुणी उत्साहात नॉब उघडला, तर लिमिटर असून नसल्यासारखा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात याचा दुसराही उपयोग आहे. मिरजेच्या बैठकीत तानपुरा लागला की हॉर्नमधली सूं ऐकू येऊन सगळा रंग जातो. ती सूं बहुतेक वेळा मिक्सरची नसते. मिक्सरचा मीटर तळाशी रांगत असतो आणि अँप ४० पटीनं प्रोसेसरचा आवाज वाढवत असतो. उपाय म्हणजे मिक्सरचा मीटर शून्याच्या खुणेपर्यंत चढवायचा आणि बेस, मिड, हॉर्न या तिन्हींचे नॉब सारखेच, समजा १० डीबी, कमी करायचे. सूं तेवढीच खाली जाते, बॅलन्स जागच्या जागी राहतो.

क्रॉसओव्हरबद्दल, म्हणजे कुठले सूर कुठल्या बॉक्सला जायचे त्या वाटणीबद्दल, थोडक्यात. बेस आणि टॉप (मिड-हॉर्नचे बॉक्स) दोन्हीकडे एकच प्रकारचा फिल्टर, लिंकविट्झ-रायली २४ डीबी, ९० हर्ट्झ. ह्युलेट-पॅकार्डमधल्या दोन अभियंत्यांची ही १९७६ ची देणगी. जोडावर दोन्ही बाजू ६ डीबी खाली असतात आणि मिळून सपाट होतात. बटरवर्थ २४ लावला तर तिथंच ३ डीबीचा फुगवटा येतो, आणि मग लोक ‘बेस घुमतोय’ म्हणत खोलीला दोष देतात. पोर्टवाल्या (हवेचं भोक असलेल्या) बेस बॉक्सला ३५ हर्ट्झच्या खाली कापायचंच, कारण पोर्टच्या ट्युनिंगखाली कोनला हवेचा टेकू राहत नाही. तो नुसता फडफडतो आणि फाटतो. ईक्यूवर (सूर कमी-जास्त करायच्या पट्ट्यांवर) ४० हर्ट्झ ६ डीबी चढवणं म्हणजे त्या पट्ट्यात अँपकडे चौपट शक्ती मागणं. हॉर्नच्या वायरमध्ये ४० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कॅपॅसिटर टाकायला लावलात, तो स्पीकॉन प्लगच्या १ आणि २ या तारांच्या जोड्या (बेसची आणि हॉर्नची) उलट्या लागल्या त्या दिवशी हॉर्नचा डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, वाचवतो. तरीही चालू करताना अँप शेवटी आणि बंद करताना अँप आधी, हा नियम सुटत नाही. प्रोसेसरला छोटा यूपीएसही हवाच. जनरेटर एकदा शिंकला की प्रोसेसर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी भलताच प्रोग्राम घेऊन उठतो.

खरी मेहनत टॉप आणि बेस जुळवण्यात. बेस स्टेजच्या पुढे जमिनीवर, टॉप मागे स्टँडवर, मध्ये दीड-पावणेदोन मीटर. ९० हर्ट्झच्या लाटेची लांबी चार मीटरच्या जवळ, म्हणजे पाऊण-एक मीटर अंतरानंसुद्धा चांगलीच खोट येते. दोन मीटरला तर दोघं एकमेकांना खाऊनच टाकतात. पान सांगतं तसं करायचं: ९० हर्ट्झचा टोन सोडून टॉपची पोलॅरिटी (अधिक-उणे दिशा) उलटी करायची, पुढे असलेल्या बेसचा डिले (आवाज थांबवून सोडायचा वेळ) थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि आवाज सगळ्यात कमी होईल तिथं थांबून पोलॅरिटी सरळ करायची. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. ११ मिलिसेकंद पुढेही असाच खड्डा सापडतो, आणि तो खोटा असतो. म्हणून आधी टेप लावून मोजायचं, मगच कानानं.

स्टेजपासून लांब ठेवलेल्या स्पीकरच्या टॉवरला आमच्याकडे अजूनही काही जण ‘अंदाजे शंभर’ मिलिसेकंद डिले टाकतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३३१.४ मीटर अधिक तापमानाच्या (अंश सेल्सिअस) ०.६ पट. संध्याकाळी ३२ अंशाला ४० मीटरसाठी ११४ मिलिसेकंद, उत्तररात्री २० अंशाला ११६ च्या वर. त्यावर तुम्ही १० ते १५ वाढवायला सांगता, म्हणजे आवाज स्टेजवरूनच येतोय असं कानाला वाटतं आणि थंडीतला दोन-अडीच मिलिसेकंदांचा फरक त्यातच जिरून जातो.

आणि मागे फिरवलेला बेस! मिरज दवाखान्यांचं गाव. सरकारनं जाहीर केलं असेल तिथं दवाखान्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. २००० च्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डीबी, रात्री ४५ आणि शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. मीटर ‘ए’ मापावर (कानासारखं, बेस कमी धरून) मोजतो, त्यात ५० हर्ट्झ ३० डीबीनं कमी धरला जातो, म्हणून आकडा बसतो आणि खिडक्या मात्र हादरतात. तुमचा उपाय प्रोसेसरच्या एका जादा आउटपुटचा आहे. तीन बेसपैकी दोन लोकांकडे, एक पाठ करून. पाठमोऱ्याची पोलॅरिटी उलटी आणि त्याला पुढच्या जाळीपासून मागच्या जाळीपर्यंतच्या अंतराएवढा डिले, ०.९ मीटरला २.६ मिलिसेकंद. मग मागच्या बाजूचा बेस बराच पडतो, स्टेजवरच्या माइकचं घुमणंही कमी होतं. पुढच्या आवाजाची थोडी किंमत मोजावी लागते, पण ती परवडते. पाठमोऱ्याच्या मागे भिंत चिकटलेली नसावी, नाहीतर गणित फसतं. गणपतीच्या मांडवांत जागा अपुरी असल्यानं हे दर वेळी जमत नाही, हेही खरं.

काका, पान थोडं सुधारलंय. मल्टिमीटरचा भाग मोठ्या अक्षरांत केला आहे, कारण चाळिशी ओलांडलेल्यांना रॅकमधल्या अंधारात पेन्सिल दिसत नाही. तुमची पिंक नॉइजची (तपासणीच्या खरखरीची) पेन ड्राइव्ह अजून आमच्याकडेच आहे. येत्या रविवारी मिरजेला येतोय, तेव्हा ती आणि नव्या पानाची पहिली प्रत तपासायला घेऊन येऊ. चुकलं असेल तर लाल पेन काढून ठेवा.

तुमचे,
सांगली, मिरज आणि तासगावचे साउंडवाले